थेआ फॉन हार्बू : पटकथेचे श्रेय आणि दोषाचे वाटप

प्रास्ताविक

चित्रपट हे दिग्दर्शकाचे माध्यम आहे, हे विधान चित्रपटविषयक लेखनात इतक्या वेळा आले आहे की ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. नाटकाच्या समीक्षेत नाटककाराचे नाव आधी घेतले जाते. चित्रपटाच्या समीक्षेत पटकथाकाराचे नाव बहुधा श्रेयनामावलीपुरतेच उरते. मराठी वाचकाला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. प्रभातच्या 'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटाचा विषय निघताच दामले-फत्तेलाल ही जोडी आठवते. त्याचे लेखन करणारे शिवराम वाशीकर मात्र अभ्यासकांनाच ठाऊक असतात. वाशीकरांच्या वाट्याला निदान विस्मरणच आले. जर्मन मूकपटाच्या ऐन बहरात ज्यांच्या पटकथांवर त्या काळातले काही थोर चित्रपट उभे राहिले, त्या थेआ फॉन हार्बू (१८८८-१९५४) यांच्या वाट्याला याहून विपरीत काही आले. त्यांचे नाव लक्षात राहिले, पण दोषाचे धनी म्हणून.

फ्रिट्झ लांग यांनी १९२० ते १९३३ या काळात जर्मनीत दिग्दर्शित केलेल्या बहुतेक सर्व महत्त्वाच्या चित्रपटांच्या पटकथा हार्बू यांनी एकट्याने किंवा लांग यांच्या सहकार्याने लिहिल्या. या चित्रपटांविषयीच्या समीक्षेत श्रेयाची एक विभागणी रूढ झालेली दिसते. जे भव्य, रेखीव आणि दृश्यदृष्ट्या धाडसी आहे ते लांग यांचे; जे भाबडे, भावविवश किंवा विचारदृष्ट्या संशयास्पद आहे ते हार्बू यांचे. लांग यांच्याविषयी आत्मीयतेने लिहिणाऱ्या लोटे आइसनर यांच्या ग्रंथातही हा कल लपत नाही. या विभागणीमागे दोन कारणे आहेत. १९५० नंतर फ्रेंच समीक्षकांनी दिग्दर्शकाला चित्रपटाचा कर्ता मानण्याचा सिद्धान्त मांडला आणि तो जगभर पसरला, हे एक. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. लांग १९३३ मध्ये जर्मनी सोडून गेले. हार्बू तेथेच राहिल्या, नाझी पक्षाच्या सदस्य झाल्या आणि त्या राजवटीच्या चित्रपटसृष्टीत लिहीत राहिल्या. १९३३ नंतरच्या या वर्तनाचा निवाडा त्यांच्या आधीच्या लेखनावरही लादला गेला. प्रस्तुत लेखात त्यांच्या पटकथांची कामगिरी आणि त्यांची राजकीय जबाबदारी या दोन गोष्टींची तपासणी स्वतंत्रपणे करण्याचा प्रयत्न केला आहे. दोन्हींची सरमिसळ केल्याने एका बाजूला कलाकृतीवर अन्याय होतो आणि दुसऱ्या बाजूला राजकीय अपराधाचे नेमके स्वरूपही धूसर होते.

रंगभूमीकडून लेखनाकडे

हार्बू यांचा जन्म २७ डिसेंबर १८८८ रोजी बव्हेरियातील होफ या गावाजवळच्या टाउपरलिट्झ येथे झाला. घराणे सरदारी होते, परंतु संपत्ती फारशी उरलेली नव्हती. किशोरवयातच त्यांचे लेखन छापून येऊ लागले होते. १९०६ मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे त्या अभिनेत्री म्हणून रंगभूमीवर उतरल्या आणि पुढे काही वर्षे निरनिराळ्या शहरांतील नाट्यगृहांत त्यांनी कामे केली. आखेन येथे त्यांची ओळख रुडॉल्फ क्लाइन-रोगे या नटाशी झाली. १९१४ मध्ये दोघांचा विवाह झाला. हा विवाह टिकला नाही, पण व्यावसायिक संबंध टिकला. पुढे लांग-हार्बू यांच्या चित्रपटांत डॉ. माबुझे, हूणांचा राजा एट्झेल आणि 'मेट्रोपोलिस'मधील संशोधक रोटवांग या भूमिका याच नटाने केल्या.

रंगभूमीच्या या वर्षांचा परिणाम त्यांच्या पटकथांवर स्पष्ट दिसतो. पात्राचा प्रवेश केव्हा व्हावा, वस्तू हातात केव्हा यावी, दार केव्हा बंद व्हावे, याची जाण नाट्यगृहात घडलेली आहे. महायुद्धाच्या काळात त्यांच्या देशभक्तिपर कथा-कादंबऱ्या खूप खपल्या. त्या लेखनात आज वाचण्याजोगे थोडेच आहे.

त्यांच्या चित्रपटजीवनाला वळण देणारी कादंबरी मात्र भारताविषयीची निघाली. 'भारतीय समाधी' या अर्थाच्या शीर्षकाची ही कादंबरी १९१८ मध्ये प्रसिद्ध झाली. भारत न पाहता ती लिहिलेली आहे, आणि ते पानोपानी जाणवते. एश्नापूरचा राजा युरोपीय वास्तुशिल्पज्ञाला बोलावून घेतो आणि त्याला समाधी बांधायला सांगतो. ज्या स्त्रीसाठी ही समाधी बांधायची ती अद्याप जिवंत आहे, हे शिल्पज्ञाला नंतर कळते. ताजमहालाची आख्यायिका उलटी फिरवून केलेली ही रचना आहे. प्रेमाच्या स्मारकाच्या जागी सूडाचे स्मारक येते. योगी, वाघ, मगरी, कुष्ठरोगी असा सगळा ठरीव मसाला तीत आहे, आणि भारतीय वाचकाला त्याचे हसू आल्यास ते योग्यच ठरेल. तरीही मूळ कल्पनेतील ताकद नाकारता येत नाही. १९२१ मध्ये निर्माते-दिग्दर्शक जो माय यांनी बर्लिनजवळ वोल्टर्सडोर्फ येथे प्रचंड नेपथ्य उभारून तिचा दोन भागांचा मूकपट केला. पटकथा हार्बू आणि लांग यांनी मिळून लिहिली होती. दिग्दर्शनाची अपेक्षा बाळगून असलेल्या लांग यांना ती संधी मात्र मिळाली नाही. दोघांच्या सहलेखनाची सुरुवात याच सुमारास झाली. २६ ऑगस्ट १९२२ रोजी त्यांचा विवाह झाला.

एक लेखणी, अनेक दिग्दर्शक

हार्बू यांच्या लेखनाचे मूल्यमापन केवळ लांग यांच्या चित्रपटांवरून करणे हीच मुळात पद्धतीची चूक आहे. १९२२ ते १९२४ या तीन वर्षांत त्यांनी एफ. डब्ल्यू. मुर्नाव यांच्या चार चित्रपटांच्या लेखनात भाग घेतला. त्यांपैकी 'फँटम' (१९२२) हा गेरहार्ट हाउप्टमान यांच्या कादंबरीवर आधारलेला होता. रस्त्यात क्षणभर दिसलेल्या एका तरुणीच्या ध्यासाने एक साधा कारकून हळूहळू कसा कोसळत जातो, याची ती कथा आहे. १९२४ मध्ये डॅनिश दिग्दर्शक कार्ल ड्रायर बर्लिनला आले असता हेर्मान बांग यांच्या कादंबरीवरील 'मिखाएल' या चित्रपटाची पटकथा त्यांनी हार्बू यांच्यासह सिद्ध केली. वृद्ध चित्रकार आणि त्याने पुत्रवत मानलेला तरुण यांच्यातील ओढ, दुरावा आणि अखेरचे एकाकीपण एवढाच त्याचा विषय. तो बहुतांशी बंद दालनांत घडतो. त्यात गर्दी नाही, भव्यता नाही, मोठ्याने बोललेले काहीही नाही. हार्बू म्हणजे अतिरेकी भावविवशता हे समीकरण ज्यांना मान्य आहे त्यांनी 'मिखाएल' पाहावा. संयम हा केवळ ड्रायर यांचा गुण मानायचा आणि 'मेट्रोपोलिस'मधील अतिरेक मात्र केवळ हार्बू यांचा, असे दोन्ही एकाच वेळी म्हणता येत नाही.

येथे कार्ल मायर यांची आठवण अपरिहार्य आहे. 'कॅलिगारी'चे सहलेखक आणि मुर्नाव यांच्या 'अखेरचा माणूस' या मूकपटाचे पटकथाकार असलेल्या मायर यांना समीक्षेने पटकथेचा कवी मानले, आणि ते रास्तच आहे. त्यांच्या पटकथा तुटक, श्वासासारख्या लहान वाक्यांत लिहिलेल्या असत. हार्बू यांची रीत निराळी होती. त्या कादंबरीकाराप्रमाणे विस्तृत लिहीत. एखाद्या सरदारी वाड्यासारखी त्यांची रचना अनेक दालनांची असे. मायर दिग्दर्शकाला क्षण देत, हार्बू जग उभे करून देत. या दोन प्रकारांत उच्चनीच ठरवण्याचे कारण नाही.

हे जग उभे करण्याचे कसब 'निबेलुंगेन' (१९२४) या दोन भागांच्या चित्रपटात पूर्णत्वाला गेलेले आहे. मध्ययुगीन जर्मन महाकाव्याची चित्रपटात मांडणी करताना वाग्नर यांची संगीतनाट्ये डोळ्यांसमोर असूनही हार्बू यांनी त्यांची वाट धरली नाही. दोन्ही भागांची विभागणी त्यांनी प्रत्येकी सात सर्गांत केली. पहिल्या भागात झिगफ्रीडचा पराक्रम आणि विश्वासघाताने झालेला वध येतो. दुसरा भाग सर्वस्वी त्याच्या विधवेचा, क्रिमहिल्डचा आहे. पहिल्या भागातील सौम्य राजकन्या दुसऱ्या भागात क्वचितच हलते. ती उभी राहून पाहते, आणि तिच्या त्या निश्चल उभे राहण्याने एक संपूर्ण राजकुल जळून जाते. सुडाला न्याय मानणाऱ्या व्यक्तीचे अखेर काय होते, हे येथे एकाही उपदेशाशिवाय दाखविले आहे. चित्रपट जर्मन जनतेला अर्पण केलेला होता आणि पुढे राष्ट्रवाद्यांनी त्याचा पहिला भाग डोक्यावर घेतला. दुसऱ्या भागाविषयी त्यांचा उत्साह बराच कमी होता. निष्ठेच्या नावाखाली सगळे कुळ आगीत होरपळते, असा शेवट प्रचाराच्या कामी येत नाही.

'मेट्रोपोलिस'ची कापाकापी आणि पटकथेवरील आरोप

हार्बू यांच्याविषयीचे बहुतेक आक्षेप 'मेट्रोपोलिस' (१९२७) या एका चित्रपटाभोवती फिरतात. २२ मे १९२५ रोजी सुरू झालेले चित्रीकरण ऑक्टोबर १९२६ अखेर संपले. यूफा कंपनीचा त्यावरील खर्च पन्नास लाख मार्कांहून अधिक झाला. १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनमध्ये पहिला खेळ झाला. हार्बू यांनी या कथेची कादंबरीही लिहिली आणि चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वी, १९२६ मध्ये, ती नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. वर ऐश्वर्यात राहणारे मालक, खाली यंत्रांपाशी राबणारे कामगार, दोहोंना जोडू पाहणारी मारिया आणि तिचेच रूप देऊन कामगारांत सोडलेली यंत्रस्त्री, असा कथेचा सांगाडा सर्वपरिचित आहे. मेंदू आणि हात यांच्यात हृदयाने मध्यस्थी करावी, या आशयाच्या सूत्रावर चित्रपट संपतो. एच. जी. वेल्स यांनी एप्रिल १९२७ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये त्याच्यावर कठोर टीका केली. कथा विसंगत आहे, पात्रांच्या कृतींना कारण नाही, हा आक्षेप पुढे कित्येक दशके असंख्य समीक्षकांनी पुन्हा पुन्हा नोंदविला.

आता वस्तुस्थिती अशी की, या समीक्षकांपैकी जवळजवळ कोणीही हार्बू यांनी लिहिलेली कथा पडद्यावर पाहिलेली नव्हती. बर्लिनमधील मूळ आवृत्ती सुमारे अडीच तासांची होती आणि ती काही महिन्यांतच मागे घेण्यात आली. अमेरिकेसाठी नाटककार चॅनिंग पोलॉक यांच्याकडून चित्रपट कापून घेतला गेला आणि पाट्या बदलण्यात आल्या. पुढे जर्मनीतही कापलेली आवृत्तीच फिरली. या कात्रीत हेल हे पात्र समूळ नाहीसे झाले. हे नाव इंग्रजीतील नरकवाचक शब्दासारखे दिसते, हे त्याचे एक कारण. मूळ कथेत हेल ही रोटवांगची प्रेयसी आहे. ती त्याला सोडून नगराधिपती फ्रेडर्सनशी विवाह करते आणि मुलाला, म्हणजे नायक फ्रेडरला, जन्म देताना मरण पावते. रोटवांगने घडविलेली यंत्रस्त्री ही या हरवलेल्या हेलची प्रतिकृती होय. आपल्या प्रतिस्पर्ध्याची आज्ञा पाळण्याचे सोंग करून त्याचे नगर आणि त्याचा मुलगा दोन्ही नष्ट करायचे, हा रोटवांगचा हेतू आहे.

हेल काढून टाकल्यावर रोटवांग हा केवळ एक वेडा शास्त्रज्ञ उरतो. यंत्रस्त्री कशासाठी बनवली हे कळत नाही. मालक स्वतःचेच नगर उद्ध्वस्त करणारे यंत्र का सोडतो, याचेही उत्तर राहत नाही. म्हणजे पटकथेचा कणा काढून घेतला गेला आणि मग ती ताठ उभी राहत नाही म्हणून लेखिकेला दोष देण्यात आला.

२००८ मध्ये ब्वेनोस आइरेस येथील चित्रपटसंग्रहालयात जवळजवळ पूर्ण आवृत्तीची १६ मिलीमीटरची प्रत सापडली. तीतील सुमारे पंचवीस मिनिटांचा लुप्त भाग जोडून सिद्ध केलेली आवृत्ती फेब्रुवारी २०१० मध्ये बर्लिनमध्ये दाखविण्यात आली. हेलचे स्मारक, नायकाशी कपड्यांची अदलाबदल करून शहराच्या मोहात सापडणाऱ्या ११८११ क्रमांकाच्या कामगाराची कथा आणि नायकावर पाळत ठेवणाऱ्या कृश माणसाचे प्रसंग त्यामुळे पुन्हा पाहता आले. दृश्यांचा मूळ क्रम कसा ठरला, हे येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. संगीतकार गोटफ्रीड हुप्पर्ट्झ यांची टिपणे असलेली संगीतलिपी, सेन्सॉरची नोंदपत्रे आणि हार्बू यांची पटकथा ही त्याची प्रमुख साधने होती. जे प्रसंग अद्याप सापडलेले नाहीत तेथे पाट्यांद्वारे कथा भरून काढावी लागली. ज्या पटकथेला विस्कळीत म्हटले गेले होते तिच्याच आधाराने विस्कळीत झालेला चित्रपट पुन्हा जुळविण्यात आला.

शेवटावरील आक्षेप मात्र या शोधाने दूर होत नाही. मालकाचा हात आणि कारखान्याच्या मुकादमाचा हात नायकाने एकमेकांच्या हाती द्यावा आणि एवढ्याने वर्गसंघर्ष मिटावा, हे पटण्यासारखे नाही. कामगारांचे चित्रणही दुबळे आहे. ते एक तर मुकाट राबतात किंवा झुंडीने यंत्रे फोडतात, स्वतः विचार करणारा कामगार या नगरात आढळत नाही. झिगफ्रिड क्राकाउअर यांनी १९४७ च्या आपल्या ग्रंथात या शेवटात पुढच्या हुकूमशाहीची चाहूल ऐकली. त्यांचा युक्तिवाद काहीसा मागाहून सुचलेला असला तरी त्यात तथ्य आहे. परंतु ही जबाबदारी एकट्या लेखिकेची कशी? पटकथेच्या घडणीत लांग आरंभापासून सहभागी होते. पुढे मुलाखतींत त्यांनी या शेवटाला परीकथा ठरवून त्यापासून अंतर राखले, तरी चित्रपट आपणच केला असल्याने निम्मी जबाबदारी आपली आहे, एवढे त्यांनीही मान्य केले. समीक्षकांनी लांग यांना जेवढी सूट दिली तेवढी त्यांनी स्वतःलाही दिलेली नाही.

आईची हाक

'एम' (१९३१) या बोलपटाच्या आरंभी एक आई जेवणाचे ताट मांडून शाळेतून येणाऱ्या मुलीची वाट पाहते. घड्याळात वेळ पुढे सरकते. ती जिन्यातून हाक मारते. जिना रिकामा, वाळत घातलेल्या कपड्यांचा माळा रिकामा, ताट रिकामे. मग झुडपांतून घरंगळत येणारा चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा दिसतो. खून दाखविला जात नाही. जर्मन बोलपट तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता. इतर लेखक पडद्यावर बोलणे कसे भरावे या विवंचनेत असताना येथे एका हाकेला उत्तर न येणे हाच ध्वनीचा उपयोग ठरला.

या प्रसंगाचे श्रेय नेहमी लांग यांना दिले जाते. कोणती ओळ कोणाची हे सहलेखनात वेगळे काढणे अशक्यप्राय असते, हे खरे. तरी हार्बू यांच्या आधीच्या लेखनाशी त्याचे नाते दिसते. 'थकलेला मृत्यू' (१९२१) या चित्रपटात मृत्यूकडून प्रियकराचे प्राण परत मागणाऱ्या तरुणीला त्या बदल्यात दुसरा जीव द्यायचा असतो. जळत्या घरात अडकलेले एक तान्हे मूल तिच्या हाती येते, मृत्यू हात पुढे करतो, आणि ती ते मूल त्याला न देता खाली उभ्या असलेल्या आईकडे सोपविते. दहा वर्षांनी 'एम'चा शेवटही मातांवरच होतो. खुन्याला शिक्षा झाली तरी मुले परत येणार नाहीत, ही जाणीव तेथे आहे. लांग यांनी अमेरिकेत जाऊन झुंडशाहीवर आणि अपराधी माणसावर उत्तम चित्रपट केले; मुलाची वाट पाहणारी अशी आई त्यांत सहसा आढळत नाही. याच १९३१ मध्ये हार्बू गर्भपाताला गुन्हा ठरविणाऱ्या २१८ व्या कलमाविरुद्धच्या जर्मन स्त्रियांच्या आंदोलनात जाहीरपणे बोलत होत्या. सनातनी विचारांची लेखिका हे त्यांचे प्रचलित चित्र या नोंदीत नीट बसत नाही.

१९३३ आणि त्यानंतर

एप्रिल १९३३ मध्ये हार्बू आणि लांग यांचा घटस्फोट झाला. त्याच वसंतात त्यांच्या 'डॉ. माबुझेचे मृत्युपत्र' या अखेरच्या संयुक्त चित्रपटावर नव्या राजवटीने बंदी घातली. गोबेल्स यांनी चित्रपटसृष्टीचे प्रमुखपद देऊ करताच आपण त्याच रात्री जर्मनी सोडली, ही लांग यांनी सांगितलेली कथा पुढे त्यांच्या पारपत्रावरील शिक्क्यांनी खोटी ठरविली. त्या वर्षी उन्हाळ्यापर्यंत ते अनेकदा जाऊन-येऊन होते. ते गेले हे मोलाचेच. परंतु एकाचे तत्काळ पलायन आणि दुसरीची तत्काळ शरणागती अशी जी नाट्यपूर्ण जोडी रचली गेली, तिचा निम्मा भाग असा दंतकथेचा आहे.

हार्बू यांच्या आयुष्यात या सुमारास बेळगावजवळच्या बेळगुंदी येथील अयी गणपत तेंडुलकर आले. उच्च शिक्षणासाठी युरोपात गेलेले तेंडुलकर बर्लिनमध्ये पत्रकारिता करीत होते आणि हार्बू यांच्याहून बऱ्याच लहान वयाचे होते. वंशशुद्धीच्या कायद्यांच्या काळात एका नामवंत जर्मन लेखिकेने भारतीयाशी उघडपणे विवाह करणे शक्य नव्हते. त्यांचा विवाह गुप्तपणे झाला. बर्लिनमधील भारतीय विद्यार्थ्यांना हार्बू यांचे साहाय्य होत असे. महायुद्ध सुरू होण्यापूर्वी तेंडुलकर भारतात परतले. बेळगावात त्यांनी 'वार्ता' हे मराठी वृत्तपत्र चालविले, ब्रिटिशांच्या तुरुंगात दीर्घकाळ काढला आणि १९४५ मध्ये महात्मा गांधींच्या आशीर्वादाने इंदुमती गुणाजी यांच्याशी विवाह केला. या तिघांची कहाणी तेंडुलकरांची कन्या लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी २०१३ मध्ये इंग्रजीत ग्रंथबद्ध केली. कादंबरीतील योगी आणि राजे यांच्या कल्पित भारतातून बेळगुंदीच्या एका हाडामांसाच्या माणसापर्यंत हार्बू यांचा झालेला हा प्रवास मराठी अभ्यासकांनी अधिक बारकाईने पाहण्याजोगा आहे.

युद्धानंतर हार्बू यांनी आपल्या पक्षसदस्यत्वाचे समर्थन याच संबंधातून केले. जर्मनीतील भारतीयांना मदत करता यावी म्हणून आपण सदस्य झालो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात सत्याचा काही अंश असू शकेल. तथापि सदस्यत्वाचा हेतू कोणताही असो, पटकथा हा लेखी पुरावा आहे आणि त्याचे समर्थन या मार्गाने होत नाही. 'देर हेर्शर' म्हणजे 'सत्ताधीश' (१९३७) हा फाइट हार्लान यांचा चित्रपट या दृष्टीने तपासावा लागतो. तो हाउप्टमान यांच्या १९३२ च्या नाटकावर आधारलेला असून पटकथेवर हार्बू आणि कुर्ट ब्राउन यांची नावे आहेत. मूळ नाटकातील वृद्ध क्लाउझेन तरुण स्त्रीच्या प्रेमात पडतो, मुले त्याला वेडा ठरवू पाहतात आणि तो खचून मरतो. चित्रपटात तो मरत नाही. तो पोलादाच्या कारखान्याचा निरंकुश अधिपती होतो, नालायक वारसांना झिडकारतो आणि आपली मिळकत राष्ट्राच्या हवाली करतो. एका शोकांतिकेचे नेत्याच्या गौरवगीतात रूपांतर झाले, आणि राजवटीने त्याला त्या वर्षीचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार दिला.

'मेट्रोपोलिस' आणि हा चित्रपट शेजारी ठेवले तर भेद कळून येतो. 'मेट्रोपोलिस'मधील मालकाला मुलाच्या प्राणभयाने गुडघे टेकावे लागतात. सत्तेला तेथे कोणाच्या तरी मध्यस्थीची गरज आहे. १९३७ मधील क्लाउझेनला मध्यस्थ नको, हृदय नको, कामगारांची संमतीही नको. आधीच्या भाबडेपणातून पुढची शरणागती आपोआप निघाली असे म्हणता येत नाही. मधल्या दहा वर्षांत लेखिकेने काहीतरी सोडून दिले. दोष आहे तो या सोडून देण्यात. तो दोष 'निबेलुंगेन'च्या किंवा 'एम'च्या माथी मारल्यास १९३७ मध्ये नेमके काय घडले, हे दिसेनासे होते. दोन चित्रपटांत सारखे काय आहे, तर कामगारांच्या विवेकावरील अविश्वास. तो आधीपासून होता आणि तेवढ्यापुरते क्राकाउअर बरोबर ठरतात.

१९३४ मध्ये त्यांनी दोन चित्रपटांचे दिग्दर्शनही केले, पण ते त्यांच्या लौकिकात भर घालणारे नव्हते. युद्ध संपेपर्यंतच्या उरलेल्या पटकथांपैकी बऱ्याच केवळ कारागिरीच्या आहेत.

अखेरची वर्षे

१९४५ मध्ये ब्रिटिशांनी त्यांना काही महिने छावणीत स्थानबद्ध ठेवले. सुटकेनंतर बर्लिनमधील इतर हजारो स्त्रियांप्रमाणे त्यांनी पडक्या इमारतींचे ढिगारे उपसण्याचे काम केले. पुढे परदेशी चित्रपटांच्या जर्मन संवादांचे काम मिळू लागले आणि हळूहळू पटकथाही, 'डॉ. होल' (१९५१) हा त्यांतला यशस्वी चित्रपट. प्रकृती साथ देत नव्हती. जून १९५४ मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात 'थकलेला मृत्यू' दाखविण्यात आला आणि हार्बू यांना सन्माननीय पाहुण्या म्हणून बोलाविण्यात आले. खेळ संपवून बाहेर पडताना त्या पडल्या आणि १ जुलै १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.

दोन वर्षांनी लांग यांनी आपला अखेरचा अमेरिकी चित्रपट पुरा केला. त्यानंतर जर्मनीत परतल्यावर हाती घेण्यासाठी त्यांना विषय सापडला तो १९१८ च्या त्या कादंबरीचा. १९२१ मध्ये दिग्दर्शनाची जी संधी हुकली होती ती त्यांनी साठीच्या उत्तरार्धात घेतली. १९५९ मध्ये प्रदर्शित झालेल्या या दोन भागांच्या चित्रपटासाठी ते उदयपूरला आले. नवी पटकथा वेर्नर योर्ग ल्युडेके यांनी लिहिली होती. श्रेयनामावलीत मूळ कादंबरीकार म्हणून थेआ फॉन हार्बू हे नाव होते.